फोटोत चांगला दिसणारा रस्ता

बांधकाम खात्याच्या ग्रुपवर फोटो पाठवून मी दुपारचा डबा उघडला होता. मोलगीच्या घाटातलं वळण, काळाभोर डांबरी रस्ता, कडेला जेसीबीने लोटलेला मातीचा ढीग. खाली मेसेज: 'रस्ता वाहतुकीस खुला.' दोन मिनिटांत डेप्युटी इंजिनिअर साहेबांचा अंगठा आला. घाटात रेंज मिळते ती एवढ्या एका वळणावरच.

होळीचा दिवस होता. आदल्या दिवशी अवकाळी पावसाने डोंगराचा एक तुकडाच रस्त्यावर आणून टाकला होता. अशा वेळी नुसतं पाणी येत नाही. माती, धोंडे, झाडांची खोडं, सगळं कालवून एकदम खाली उतरतं. जेसीबीने सकाळी ते बाजूला केलं आणि तो पुढच्या दरडीवर गेला. मोटरसायकल घेऊन मी एकटा मागे राहिलो.

पहिला घास घेतला तोच वेस्तादादा आले. खात्यात मैलकुली होते, म्हणजे ठरावीक लांबीचा रस्ता सांभाळणारे मजूर. रिटायर होऊन वरच्या पाड्यावर राहतात. हातात पहार. ते रस्त्यावर पहार आपटत निघाले. ठक, ठक, ठक. मोरीवर आले आणि आवाज बदलला. ढब.

"साहेब, इथं पोट रिकामं आहे."

मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला टाकलेला पाइप. त्याचं तोंड लाकडांनी बुजलं होतं. मग पाणी पाइपाच्या बाजूने घुसलं आणि भरावाची माती घेऊन गेलं. वर डांबर तेवढं उरलं. मी स्वतः पहार मारून पाहिली. ढब. जेवण तिथेच संपलं.

साहेबांना फोन लावला.

"सर, रस्ता बंद करावा लागेल. मोरीवर पोकळी वाटतेय."

"वाटतेय? खुला म्हणून तुम्हीच टाकलंत. मी वर कळवून बसलो."

"माझी चूक झाली, सर."

"कशावरून म्हणताय पोकळी?"

"पहारेच्या आवाजावरून."

"खोदायला पोकलेन उद्या सकाळी येईल. तोवर तुमच्या जबाबदारीवर बघा."

आमच्या खात्यात 'तुमच्या जबाबदारीवर' याचा अर्थ 'आता तुम्ही एकटे' असा असतो.

दोघांनी मिळून दगड आणि फांद्या आडव्या टाकल्या. वेस्तादादांनी आपला लाल रुमाल त्यावर बांधला, मग उन्हाकडे पाहिलं. "होळी आहे, साहेब. जावं लागेल." सणाला माणसाला कसं अडवणार? पहार मात्र ते माझ्याकडे ठेवून गेले.

चारच्या सुमाराला पहिली जीप आली. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसं होळीसाठी घरी निघालेली. टपावरसुद्धा बसलेली. ड्रायव्हर तळोद्याकडचा.

"साहेब, रस्ता ते चांगला शे. काबर आडाई ऱ्हायनात?"

"खाले पोकय शे, भाऊ. गाडी सोडाव नही मी."

त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "हाई दखा. दुपारपासून ग्रुपवर फिरी ऱ्हायना."

माझाच फोटो होता. माझाच मेसेज.

एक म्हातारा खांद्यावर गाठोडं घेऊन उतरला. "वर्षात एक होळी येते, साहेब. ती पण अडवता?"

मी मोटरसायकल आडवी लावली. माणसांना वरच्या अंगाने, नाल्यातून पायी जायला सांगितलं. पुढे सहा किलोमीटर चाल. चपला हातात धरून एक म्हातारी चिखलात उतरली. मी हात पुढे केला, तिने धरला नाही. ड्रायव्हर शिव्या देत मागे फिरला. त्याच्यामागून आणखी दोन गाड्या तशाच परतल्या.

नोकरीत इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. रस्ता इतका धडधाकट दिसत होता की मलाच शंका येऊ लागली. मी पुन्हा पुन्हा उठून कडेने पहार आपटत होतो. डोंगरात ढोल सुरू झाले. शहाद्याहून बायकोचा फोन आला, "पोया व्हई ग्यात. कवय येशात?" म्हटलं, तुम्ही जेवून घ्या, मी रात्रभर इथेच आहे.

सकाळी पोकलेनचा दात टेकला मात्र, डांबर आत कोसळलं. वर चार बोटांचा पापुद्रा, खाली माणूस उभा राहील एवढी खोली. साहेबांनी वाकून पाहिलं, टोपी काढली, डोकं खाजवलं. मग म्हणाले, "याचा फोटो काढलात ना?"

नवा पाइप पडला, भराव झाला, वरून डांबर आलं. रस्ता सुरू झाला तेव्हा पहिली जीप त्याच ड्रायव्हरची. वेग कमी करून म्हणाला, "साहेब, त्या रोज उगाच आडायं तुम्ही."

"भाऊ, आयक ते..." तोवर त्याने गिअर टाकला होता.

रस्ता खचून गाडी गेली की पंचनामा होतो. न गेलेल्या गाडीचा होत नाही. ते दोन्ही फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहेत, एक होळीचा, एक दुसऱ्या दिवशीचा. खात्यात नवा ज्युनिअर इंजिनिअर आला की मी त्याला पहिला दाखवून विचारतो, गाडी सोडशील? आजवर सगळे 'हो' म्हणालेत. मग मी दुसरा दाखवतो आणि वेस्तादादांची पहार त्याच्या हातात देतो.