अक्काच्या घरगाडीसाठी राउटर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, तिच्या घरगाडीसाठी इंटरनेटचा राउटर निवडून द्यायला सांगितलं, तेव्हा बिदरच्या दुकानात माझ्यापुढं दोन राउटर ठेवले होते. एक तिच्या कामाचा होता, दुसरा नव्हता. कुठला कामाचा, हे मला नीट कळत होतं. मी दुसरा घेतला. चुकून नाही, मुद्दाम.

का, हे सांगायचं तर आधी घरगाडी आणि मग माझ्या घरातली एक खोली सांगायला हवी. आमचं घराणं मेंढरांमागचं. आता बहुतेकांनी शेती धरलीय, मी नोकरी धरली. अक्का आणि दाजी मात्र अजून कळप घेऊन फिरतात. दुबलगुंडीकडून निघायचं, रानारानांतून मेंढरं बसवत ठाणाकुशनूरच्या अंगाला जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत फिरायचं. मेंढरं बसवणं म्हणजे कळप रात्री एखाद्याच्या रानात मुक्कामाला ठेवणं; रानाला लेंडीखत मिळतं, मेंढरंवाल्याला ज्वारी. पूर्वी सगळा संसार घोड्याच्या पाठीवर असायचा. दाजींनी जुनी पिकअप घेतली आणि हुमनाबादच्या एका गॅरेजात तिच्यावर पत्र्याचं घर चढवून घेतलं. आत फळीचा पलंग, गॅसची शेगडी, टपावर सोलरची पाटी, आणि मागं नुकत्या जन्मलेल्या कोकरांसाठी जाळीचा कप्पा. परदेशात असल्या गाडीला मोटरहोम म्हणतात हे मी दाजींना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, म्हणू देत की, त्यात कोकरं असतेत का विचार.

आता खोलीचं. आम्हा दोघांपैकी एकानं शाळेत राहायचं आणि एकानं मेंढरांमागं जायचं, हे घरात ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. तिलाही विचारलं नव्हतं. मी शिकलो, कलबुर्गीला कॉलेज केलं, नोकरीला लागलो, बिदरच्या कडेला नौबादला घर बांधलं. वास्तुशांतीच्या दिवशी पंगत उठल्यावर सगळ्या पाहुण्यांसमोर मी मोठ्यानं म्हणालो, की वरची खोली अक्काची. गुडघे थकले की तिनं इथं यायचं. पाहुण्यांनी माना डोलावल्या. अक्कानं तेव्हाच वर जाऊन स्वतःची घोंगडी खुंटीला टांगली.

त्या खोलीत आज मासे राहतात.

सुरुवात एका काचेच्या टाकीपासून झाली. ऑफिसात कुणाची तरी बदली झाली, त्यानं जाताना टाकी गळ्यात मारली. मग त्या माशांना पिल्लं झाली, पिल्लांना वेगळी टाकी लागली, वेगळ्या टाकीला जोडीदार लागले. संध्याकाळी दार लावून मी त्यांच्यासमोर बसायचो. मासे काही विचारत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. उन्हानं पाण्यात शेवाळ धरतं म्हणून खिडकीवर पुठ्ठा ठोकला. मोठ्या टाकीची काच खालून तडकू नये म्हणून तिच्याखाली काहीतरी जाड आणि मऊ हवं होतं. खुंटीला घोंगडी होती.

अक्काचे गुडघे बोलायला लागले आणि तिचे व्हिडिओ कॉल सुरू झाले. तिला खोली बघायची होती. नुसती हौस नव्हती. पुढचा पावसाळा तिथंच काढायचं तिच्या मनानं घेतलं होतं. पलंग कुठल्या भिंतीला लावायचा, खिडकी कुठल्या अंगाला उघडते, संडास वरच आहे की जिना उतरावा लागतो, असलं सगळं तिला बसल्या जागी ठरवायचं होतं. "तम्मा, फोन घेऊन वर जा की जरा," ती म्हणायची. धाकट्या भावाला कानडीत तम्मा म्हणतात. आमच्याकडं मराठी बोलतानाही तेच चालतं. मी कधी जिना ओला आहे म्हणायचो, कधी किल्ली बायकोकडं आहे म्हणायचो. सगळी कारणं संपली तेव्हा मी गोठायला लागलो. म्हणजे असं, की ती खोलीचं नाव काढायची आणि मी अर्धं तोंड उघडं ठेवून, डोळे न मिटता, स्क्रीनसमोर पुतळा होऊन बसायचो. नेटवर्क अडकलं की माणूस जसा दिसतो तसा. ती दोनचार हाका मारून फोन ठेवायची.

ही युक्ती बरीच चालली. एकदा मी असाच बसलो असताना अक्का बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तम्मा, तू थांबलायस, पर मागं पंखा फिरायलाय."

मी हललो नाही. आता हललो असतो तर आणखी वाईट दिसलं असतं. शेवटी तिनंच स्वतःची समजूत घातली, की आपल्याकडंच नेटवर्क कमी आहे, अर्धाच माणूस पोचतोय. पत्र्याच्या घरात फोनला रेंज धरत नाही, हे खरंही होतं. दाजींना पावसापाण्याचं बघायला आणि पुढच्या मुक्कामाच्या शेतकऱ्यांशी बोलायला इंटरनेट लागायचंच. तेव्हा गाडीत बसवायचं एखादं यंत्र मिळतं म्हणतात ते घे, असं मला सांगण्यात आलं. शिकलेला मी. निवड माझ्यावर.

मी प्रामाणिकपणे अभ्यास केला, हे सांगायलाच हवं. व्हिडिओ बघितले. एक गोरा माणूस तळ्याकाठी गाडी लावून, कुत्र्याला शेजारी घेऊन, राउटर कसा निवडावा ते सांगत होता. मला सगळं समजलं. दोन सिम घालता आली पाहिजेत, कारण आमच्या भागात हुमनाबादकडं एका कंपनीचं चालतं आणि औरादकडं दुसरीचं, आणि सीमेवर तर फोन सकाळी महाराष्ट्रात आपलं स्वागत करतो आणि दुपारी तेलंगणात. गाडीच्या बॅटरीवर चालला पाहिजे. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे त्याला बाहेरचा अँटेना जोडता आला पाहिजे, नाहीतर पत्र्याच्या डब्यात ठेवलेला राउटर म्हणजे तोंड बांधलेला माणूस. हे सगळं असलेला एक राउटर दुकानात होता. काळा, बोजड, रूप नसलेला.

दुसरा छोटा, पांढरा, चकचकीत. एकच सिम, तेही एकाच कंपनीचं. अँटेनाला जागा नाही. पण त्याला रंगीत स्क्रीन होता आणि तो महाग होता. दुकानदारानं विचारलं, कशासाठी पाहिजे. मी खरं सांगितलं. तो काळ्यावर हात ठेवून म्हणाला, मग ह्यो घ्या, सर. मी म्हणालो, बहिणीसाठी आहे हो, जरा चांगला द्या. त्यानं माझ्याकडं आदरानं बघितलं. महाग वस्तू दिली की देणाऱ्यावर कुणी संशय घेत नाही, हे मला त्या काउंटरवर कळलं.

अक्काला डबी फार आवडली. राउटरला ती डबीच म्हणते. तिनं हळदकुंकू लावलं, थोडं स्क्रीनवरही गेलं. पत्र्याच्या घरात डबी बंदच पडल्यासारखी असायची, आणि मी निवांत झालो. इकडं टाकीत नवे मासे सोडले.

माझा बेत दाजींनी उधळला. मेंढरंवाला एका जागी पाणी नसलं तर पाणी आहे तिथं जातो. रेंज नसली तर काय करायचं, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. ते डबी काठीच्या टोकाला फडक्यात बांधायचे आणि काठी उंच धरून रानातून चालायचे. जिथं स्क्रीनवर रेंजच्या काड्या भरतील तिथं मुक्काम. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या लोकांनी गवत बघून, पाणी बघून, शेतकऱ्याची दानत बघून मेंढरं बसवली. दाजी टॉवर बघून बसवायला लागले.

दुबलगुंडीच्या एका शेतकऱ्याचं रान ओढ्याकाठच्या खोलगट भागात आहे. दरवर्षीचं ठरलेलं गिऱ्हाईक. दाजींनी काठी फिरवली आणि नाही म्हणून सांगितलं. तो बिचारा हबकला. त्यानं ज्वारी वाढवून देतो म्हटलं, वर गूळ देतो म्हटलं. दाजी म्हणाले, तसं न्हाई, इथं काडी येत न्हाई. शेतकऱ्यानं मला फोन लावला, कारण यंत्र मी दिलं हे सगळीकडं झालं होतं. "साहेब, मला येक सांगा," तो म्हणाला, "मेंढराला नेट कामून लागतंय?" त्या साली टेकाडावरच्या मुरमाड रानांना भरपूर खत मिळालं आणि खालची काळी रानं तशीच राहिली, त्यात माझा हात आहे.

आणि अक्का सगळ्यांना सांगत सुटली, की तम्मानं काय डबी निवडून दिलीय, बघा, जागा बरोबर दाखवती. वाटेत भेटणाऱ्या मेंढरंवाल्यांनी डबीचा फोटो काढून घेतला. तिघांनी मला फोन करून तसलीच मागवली. मी त्यांना काळी घ्या म्हणून सांगितलं. ते म्हणाले, न्हाई साहेब, अक्काला दिलीत तसलीच द्या, आमाला काय परकं समजता काय.

मग एका सकाळी मी दात घासत गॅलरीत उभा होतो, तर समोरच्या मोकळ्या प्लॉटांवर मेंढरं. आमच्या पलीकडं प्लॉट पाडून ठेवलेत, घरं अजून उठली नाहीत, गवत माजलंय. मधोमध घरगाडी उभी. दाजी काठी उभी धरून डबीकडं बघत होते. मी बघतोय हे दिसताच त्यांनी हात उंच करून पंजा दाखवला. पाच काड्या.

मीच एकदा अक्काला बढाई मारली होती, की आमच्या घरामागं टॉवर आहे, आमच्याकडं रेंज कधी कमी पडत नाही. टॉवर शोधत शोधत ती माणसं जिल्हाभर फिरली होती आणि सगळ्यात जोरकस टॉवरखाली येऊन थांबली होती.

अक्का चहाला आली. चहा पितानाच म्हणाली की आता फोनचं काय काम, आलेच आहे तर वर जाऊन येते. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी जिना ओला आहे म्हणालो. अक्का म्हणाली, हळू चढते. आणि ती चढली, एक हात भिंतीला, एक गुडघ्याला, पायरीपायरीला थांबत. मी मागून. एवढा छोटा जिना, पण तिला त्या दिवशी किती लागत होता ते मी मागून बघत होतो.

तिनं दार उघडलं. आत अंधार, टाक्यांतले निळे दिवे आणि पंपांचे बुडबुडे. ती उंबऱ्यात उभी राहिली. ती टाकीजवळ जाऊन वाकली. एक सोनेरी मासा काचेशी आला, तिनं त्याच्याकडं बघितलं, त्यानं तिच्याकडं.

"ह्ये तुझे?"

"हो."

"दूध न्हाई, लोकर न्हाई, खत न्हाई. मग कामून पाळायलास?"

"बघायला बरं वाटतं, अक्का."

तिनं मान हलवली. पुठ्ठा ठोकलेल्या खिडकीकडं बघितलं आणि विचारलं, यांना ऊन चालत न्हाई का. मी म्हणालो, नाही. मग तिनं खाली बघितलं. मोठ्या टाकीखालून घोंगडीची काळी कड बाहेर आली होती. तिनं ती दोन बोटांत धरून चाचपली, भिजली आहे का बघितलं, आणि सोडून दिली.

"खिडकी कुठल्या अंगाला उघडते?" तिनं विचारलं.

"पूर्वेला."

"बरं हाय," ती म्हणाली आणि जिना उतरायला वळली.

खाली दाजींनी विचारलं, कशी हाय खोली. अक्का म्हणाली, मासे हायत. दाजींचा चेहरा उजळला. खायचे का, त्यांनी विचारलं. न्हाई, तम्माचे हायत, ती म्हणाली. त्यावर बायकोला हसू आलं, मलाही आलं, आणि अक्काही हसली. एवढंच झालं. तिनं मला शब्दानंही काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी कदाचित भांडलो असतो, आणि भांडण झाल्यावर माणूस मोकळा होतो.

गवत संपल्यावर ते भालकीच्या बाजूला निघून गेले. व्हिडिओ कॉल अजून येतात. ती मेंढरांचं सांगते, गुडघ्याचं विचारलं तर बरा आहे म्हणते. खोलीचं नाव काढत नाही. मला आता गोठावं लागत नाही. डबीचं कौतुक मात्र अजून करते, आणि ते मला खोलीपेक्षा जड जातं.

तेव्हापासून मी मासे वाटायला काढलेत. छोटे मासे लोक नेतात, मोठे कुणाला नकोत. खिडकीवरचा पुठ्ठा काढलाय. घोंगडी अजून टाकीखालीच आहे, कारण मोठी टाकी एकट्यानं उचलत नाही आणि दुसऱ्या कुणाला हात लावायला सांगितलं तर कशाला म्हणून विचारेल.

मी अक्काला एक खोली देणं लागतो. आणि राउटर मी मुद्दाम वाईट निवडला, हे तिच्या तोंडावर सांगणं लागतो. यातलं एकही मी अजून दिलेलं नाही.