सात बोरॉनचा स्फटिक

प्रयोगशाळेत तिला तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘बोरॉनबाई’. तिला त्याचं काही वाटत नसे. एकोणीस वर्षं माणूस जे करतो, तेच नाव चिकटणार. निकेल, तांबं अशा धातूच्या कणाभोवती सेंद्रिय रेणू बांधून संकुल तयार करायचं, ते बोरिक आम्लाच्या पाण्यात मिसळायचं आणि बाटलीवर भोकं पाडलेला कागद बांधून वाट बघायची. पाणी उडत जातं तशा बोरॉन-ऑक्सिजनच्या कड्या त्या संकुलाच्या मापाने भोवती रचल्या जातात आणि स्फटिक धरतो. म्हणजे, धरायला हवा. बहुतेकदा तळाशी बोरिक आम्लाचे पांढरे पापुद्रेच उरत.

घरी ती आणि आई, दोघीच. आईचे गुडघे गेले होते, पण कान तिखट. बाई चपला काढते न काढते तोच आतून आवाज येई, “धरलं का गं?”

“नाही अजून.”

“घाई नको करूस.”

बोरॉन कशाशी खातात हे आईला ठाऊक नव्हतं, पण कुठली बाटली कितव्या आठवड्यात आहे ते तोंडपाठ.

निकेलची बाटली लावली त्याच आठवड्यात आई न्हाणीघरात पडली. दोन महिने दवाखाना झाला, आणि मग आई गेली. भाऊ आला, चार दिवस राहिला, कपाटं आवरून परत गेला.

बाई कामावर आली तेव्हा बाटलीला कुणी हात लावला नव्हता. काचेला तांदळाएवढे जांभळे स्फटिक चिकटले होते. ते घेऊन ती थेट एक्स-रे यंत्राच्या खोलीत गेली. तिथल्या गृहस्थांनी त्यातला एक तेलात बुडवून दोऱ्याच्या बारीक फासात अडकवला आणि यंत्रावर चढवला.

“एकसंध आहे. बसा, बाई.”

एरवी ती नमुना ठेवून निघून जाई. त्या दिवशी बसली. दुपारी त्यांनी रेणूची रचना उमटलेला संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

“जमतं तेव्हा तुम्हाला कड्यांच्या एका गटात पाचच बोरॉन मिळतात ना? मोजा.”

तिने मोजले. सात. पुन्हा मोजले.

“घरी कळवा की!” ते हसून म्हणाले.

तिने बाहेर येऊन भावाला फोन लावला. “वा, छान,” तो म्हणाला. “बरं, आईचा चष्मा कुणाला देऊन टाकू या का?”

“राहू दे.”

“अगं, पडून काय करायचंय?”

“राहू दे म्हटलं ना.” तिने फोन ठेवला आणि जिन्यात जाऊन आई गेल्यावर पहिल्यांदाच रडली.

विभागप्रमुख म्हणाले, “एकदा जमलं ते नशीब. पुन्हा करून दाखवा, मग छापू.” तीनदा केलं, तीनदा पापुद्रे. ती रोज बाटली उचलून उजेडात धरायची, तिथेच चुकत होतं. शेवटी एक्स-रेवाल्यांनी आपल्या अडगळीच्या खोलीतला एक फळी रिकामी करून दिली आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. “अकरा आठवडे फिरकायचं नाही.”

बाराव्या आठवड्यात दार उघडलं तर तेच जांभळे स्फटिक. यंत्रावर लावून बोरॉन मोजले, सातच.

शोधनिबंध छापून आला, तिचं नाव तिसरं. त्याच महिन्यात एक्स-रेवाले निवृत्त झाले. आता एक्स-रेच्या खोलीच्या दाराबाहेर ट्रे असतो. बाई चिठ्ठी लावून नमुना त्यात ठेवते, आणि निकाल संगणकावर येतो.