शांत पाण्याचा पट्टा

आमचे शेजारी भीमराव ओव्हाळ यांनी पुण्यात बसून अठ्ठावीस वर्षं लाटा काढल्या. एका प्रयोगशाळेच्या शेडमध्ये बंदरांच्या छोट्या प्रतिकृती होत्या. यंत्राची फळी हलवून टाकीत लाटा सोडायच्या आणि त्या कुठे आपटतात ते लिहून ठेवायचं, हे त्यांचं काम. पुढे ते सगळं संगणकावर गेलं आणि भीमरावांना फायली लावायला बसवलं. मुलगी प्रियदर्शनी मात्र त्याच संगणकाच्या जोरावर हडपसरच्या कंपनीत लागली. हे ते अभिमानाने सांगायचे, थोडे जळूनही.

त्या शनिवारी ती ऑफिसच्या मंडळींबरोबर कोकणात गेली होती. दुपारी मी भीमरावांकडे चहाला बसलो असताना तिचा फोटो आला. समुद्रापुढे ती आणि टीममधला साई. खाली लिहिलं होतं, ‘बाबा, लाटा फुटत नाहीत अशी जागा शोधली. तुम्ही शेडमध्ये दाखवायचात तशी. आता उतरतेय.’

भीमरावांच्या हातातली बशी कलंडली.

“अहो, शेडमध्ये लाटा अडवायला बांध होता. बांधामागचं पाणी शांत, म्हणून तिला सांगायचो, होडी इथे लावायची. इथे कुठाय बांध?” ते फोटोवर बोट आपटत होते. “लांब समुद्रात वारा सुटतो, लाट तिथून निघते. किनाऱ्याजवळ तळ वर आला की तिचा पाय अडखळतो आणि ती फुटते. मधल्या पट्ट्यात फुटत नाही, म्हणजे तिथे खाली खोल चर आहे. आजूबाजूच्या लाटांनी आणलेलं पाणी त्याच चरातून परत जातं. माणसासकट.”

तिचा फोन वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. त्यांनी चौदा वेळा लावला. ‘किनाऱ्याकडे पोहू नको, आडवी पोह’ असा मेसेजही केला. मी “उचलेल हो” म्हणालो आणि माझा मलाच राग आला. “मीच शिकवलं,” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

पाचच्या सुमारास तिचाच फोन आला. भीमरावांनी पहिल्या रिंगलाच उचलून स्पीकर लावला.

“बाहेर आलीस ना, बाळा?”

“आले. साई नाही आला, बाबा. तो तिकडे लाटांत खेळत होता. मीच त्याला हाक मारून शांत पाण्यात नेलं.”

भीमरावांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता.

“बाबा, बोला ना. जागा बरोबरच होती ना?”