मुहूर्त, अडलेली घोडी आणि माझी दुसरी कॅसेट

शहाण्या बाईने कॅसेट भरायला पंचांग उघडू नये. मी उघडलं. ऐन लग्नसराईतला उत्तमातला उत्तम मुहूर्त शोधून काढला आणि मग सॅक्सोफोन वाजवणारा बँडवाला येईना म्हणून कपाळ बडवत बसले. त्या मुहूर्तावर नागपुरातले झाडून सगळे बँडवाले लग्नांत असणार, एवढं साधं माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. तेव्हाची मी आज समोर आली तर तिचा कान पिळेन.

पण तिची तगमगही सांगायला हवी. भजनांची पहिली कॅसेट भरली त्या वेळी माझा आवाज गोड होता आणि मला ते जरा जास्तच ठाऊक होतं. धरमपेठेतल्या आमच्या भजनी मंडळात मी डोळे मिटून गायचे आणि एक डोळा किलकिला करून कोण रडतंय ते बघायचे. मग गळ्याचं ऑपरेशन झालं. बोलणं राहिलं, सूर गेला. मी देवावर अशी चिडले की देवघरातल्या बाळकृष्णाला भिंतीकडे तोंड करून बसवलं. रोज भांडायचे, घ्यायचंच होतं तर जिभेची धार घ्यायचीस, घरचे तरी सुखी झाले असते! त्या भांडणाचेच बोल झाले. ते गायचे नाहीत, ढोलकीच्या ठेक्यावर झरझर म्हणायचे. मधल्या जागा सॅक्सोफोनने भरायच्या, कारण माझ्या तुटक्या आवाजाला सोबत हवी होती. ही दुसरी कॅसेट झाली नसती तर मी देवापुढे चारचौघांत पुन्हा तोंड उघडलं नसतं.

सीताबर्डीवर एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागे ध्वनिमुद्रणाची खोली होती. दुकानदार दुसऱ्याच दिवशी यंत्रं विकून गाव सोडणार होता. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. दुपार कलली तरी आमचा बँडवाला नाही. ढोलकीवर माझी जाऊ होती. ती म्हणाली, "काहून रडून राहिली वं? मुहूर्त तं तूच काढला ना!"

मी तिच्यावर डाफरले, देवावर डाफरले आणि शेवटी दमले. म्हटलं, घे बाबा, तुझं तू बघ. त्यात भक्ती नव्हती, निव्वळ वैताग होता.

तेवढ्यात रस्त्यावर एक वरात येऊन थांबली ती हलेचना. नवरदेवाची घोडी अडली होती. कोणी गूळ दाखवतंय, कोणी शिव्या देतंय. त्या गोंधळात लाल कोटातला एक उंच माणूस सॅक्सोफोन काखेत धरून पाणी मागायला आत आला. जबलपूरचा, लग्नाच्या हंगामापुरता आलेला. जावेने त्याला पाणी दिलं आणि त्यासोबत आमचं रडगाणंही ऐकवलं.

"धुन क्या है, बहनजी?" त्याने मला विचारलं.

"धुन नाही. मला गाता येत नाही."

"तो आप बोलिए. मैं सुनके बजाऊंगा. क्लब में साहब लोगों के लिए जॅझ ऐसेही बजाते थे."

दुकानदाराने यंत्र सुरू केलं, जावेने ठेका धरला आणि मी बोलू लागले. देवाला टोमणा मारला की त्याचा बाजा मागून खुसखुसायचा. मी अडखळले की तो एक लांब सूर धरून माझी वाट पाहायचा. पुढे काय येणार, दोघांनाही माहीत नव्हतं. डोळे कधी मिटले ते कळलं नाही, आणि या वेळी दोन्ही मिटले होते. बोल संपले. थोड्या वेळाने बाहेर ताशा कडाडला, घोडी निघाली होती. तो माणूस "राम राम" म्हणत धावला. नाव विचारायचंही राहिलं. पुन्हा कधी दिसला नाही.

घोडी का अडली यावर मी वाद घालत नाही. घोड्या अडतात. मी आखलेलं सगळं फसलं, तेव्हा कुठे मी पुढ्यात आलं ते मुकाट्याने घेतलं, एवढंच मला ठाऊक आहे. त्या दुपारचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत.

कॅसेट घरी आली तेव्हा खाप्याहून सासूबाई आल्या होत्या. मेथी निवडता निवडता त्यांनी ती पूर्ण ऐकली. देवाला असं टाकून बोलते म्हणून आता माझी धडगत नाही, असं मी धरून चालले होते. टेप थांबला. हातातली जुडी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "पहिले तू गात जाय अन् देव बिचारा ऐकत बसे. आता तू त्याच्यासंगं बोलून राहिली. बोल वं पोरी. त्याले बी हक्कानं रागावणारं कोणी पाहिजे."