देवास ते इंदूर, मार्गे उज्जैन

"कुलकर्णीजी, आपकी लाइन उज्जैन होकर जाती है," सक्सेनासाहेब म्हणाले.

मी देवासचा. जन्म इथला, शाळा इथली. इंदूरला किती वेळा गेलो असेन याचा हिशेब नाही. बसने गेलो, मोटरसायकलने गेलो, एकदा मेहुण्याच्या ट्रकमध्ये सोयाबीनच्या पोत्यांवर बसूनही गेलो. क्षिप्रेचा पूल ओलांडायचा आणि सरळ जायचं. या सगळ्या आयुष्यात वाटेत उज्जैन लागल्याचं मला आठवत नव्हतं. उज्जैन वेगळ्याच दिशेला आहे. पण साहेब म्हणतात म्हणजे असणार, कारण तार त्यांची होती.

आधी माझं काम काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. देवासमध्ये शिरीषभाऊ पाटणकरांनी इंटरनेटची छोटी कंपनी काढली होती आणि मी तिचा एकुलता एक इंजिनिअर होतो. लोक घरच्या फोनवरून आमचा नंबर फिरवायचे, मोडेम थोडा वेळ किंचाळायचा आणि इंटरनेट लागायचं. तासावर पैसे. पण इंटरनेट काही देवासमध्ये पिकत नव्हतं. ते इंदूरहून आणावं लागे आणि त्यासाठी लीज्ड लाइन लागे. लीज्ड लाइन म्हणजे भाड्याची तार, दिवसरात्र चालू, डायल करायची भानगड नाही. आम्ही ती ठोक भावात घ्यायचो आणि तुकडे करून किरकोळीत विकायचो.

ही तार भाड्याने देणारं गावात एकच सरकारी टेलिफोन ऑफिस होतं. त्याचं नाव घेत नाही, सगळे त्याला 'खातं' म्हणायचे, मीही तेच म्हणतो. सक्सेनासाहेब तिथले मोठे साहेब. आता मजा पाहा. खातं स्वतःही इंटरनेट विकायचं आणि आमच्याच गिऱ्हाइकांना विकायचं. म्हणजे ज्याच्याकडून माल आणायचा, तोच समोर दुकान मांडून बसलेला. असा माणूस तुम्हाला स्वस्तात माल का देईल? देणार नाही, हे दिल्लीतल्या लोकांच्याही लक्षात आलं होतं. तिथे दरांवर नजर ठेवणारं एक प्राधिकरण होतं. त्याने हुकूम काढला की भाड्याच्या तारेला याच्यावर भाव लावायचा नाही. ही मर्यादा अंतराप्रमाणे होती. जवळच्या तारेला कमी, लांबच्या तारेला जास्त. आणि अंतर मोजायचं ते नकाशावर सरळ रेषेत, एका टेलिफोन एक्सचेंजपासून दुसऱ्या एक्सचेंजपर्यंत.

तो हुकूम वाचून शिरीषभाऊंनी पोहे-जिलेबी मागवली. धारला दुसरं केंद्र उघडायचं म्हणून त्याच आठवड्यात बोर्डसुद्धा रंगवून घेतला. आमच्या मिळकतीचा मोठा हिस्सा त्या तारेच्या भाड्यात जात होता. देवास ते इंदूर म्हणजे सगळ्यात जवळचा टप्पा, भाडं जवळपास निम्म्यावर येणार होतं.

आणि मी नलूताईंना शब्द देऊन बसलो होतो.

नलिनीताई मुजुमदार आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईक. नवरा बँक नोट छापखान्याजवळच्या एका कारखान्यात होता, कारखाना बंद पडला, तेव्हापासून घर यांच्यावर. घरातल्या पुढच्या खोलीत सहा मुली बसवून त्या टायपिंगचं काम करायच्या. अमेरिकेतले डॉक्टर रोग्यांबद्दल जे बोलत, त्याच्या रेकॉर्डिंग इंदूरच्या एका फर्ममार्फत यायच्या, मुली ऐकून टाइप करायच्या आणि दुपारी चार वाजेपर्यंत फाइल इंदूरला पोचवायची. चारचे सव्वाचार झाले की फर्मचा फोन. तीनदा उशीर झाला की काम दुसऱ्याला, असं लिहून घेतलेलं होतं. आमचा तासाचा दर त्यांना जड जात होता. खात्याचा दर कमी होता, पण खात्याचा इंटरनेटचा नंबर सकाळी दहापासून एंगेज लागायचा. स्वस्त आणि बंद. मी ताईंना म्हटलं, नवे दर आले की तुमचा तास स्वस्त करतो, थांबा. त्या थांबल्या. नुसत्या थांबल्या नाहीत, त्या भरवशावर आणखी दोन मुली घ्यायचं ठरवलं.

आणि इथे साहेब मला उज्जैन दाखवत होते. देवासची तार आधी उज्जैनला जाते, तिथून इंदूरला येते. देवास-उज्जैन अधिक उज्जैन-इंदूर. लांबचा टप्पा, लांबचा दर. मी हुकुमाचा कागद पुढे केला, त्यात सरळ रेषा लिहिली होती. साहेबांनी तो चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला आणि म्हणाले, ठीक आहे, मग सरळ रेषेचं प्रमाणपत्र आणा.

असं प्रमाणपत्र कोण देतं, हे त्यांना माहीत नव्हतं. ते माहीत असणं त्यांचं काम नव्हतं, असंही त्यांनी सांगितलं.

मग माझी वणवण सुरू झाली. भूमापनवाले म्हणाले, आम्ही शेतं मोजतो, टेलिफोन नाही. रस्त्याच्या ऑफिसात एक भला माणूस भेटला, म्हणाला, "भिया, सडक का दे दूँगा, हवा का नहीं." चार दिवस असे गेले. शेवटी हे रडगाणं नलूताईंकडे गायलो, तेव्हा त्या म्हणाल्या की मामंजींना विचारून बघ.

मामंजी म्हणजे त्यांचे सासरे, अप्पा मुजुमदार. यांच्या घराण्याने संस्थानची दप्तरं सांभाळलेली आणि अप्पा स्वतः सर्व्हे खात्यातून निवृत्त झालेले. वय ऐंशीच्या पुढे, कान अधू, नजर घारीची. त्यांनी खाटेखालून पत्र्याची नळी काढली, त्यातून नकाशा काढला, कर्कटक लावून तीनदा मोजलं. मग मला विचारलं की उज्जैन मध्ये आलं कुठून. मी सांगितलं.

"या एका गावात दोन संस्थानं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या अलीकडे एक राजा, पलीकडे दुसरा," ते म्हणाले. "पण इंदूर दोघांनाही सारखंच लांब होतं."

त्यांनी स्वच्छ अक्षरात अंतर लिहून दिलं, खाली सही, हुद्दा आणि निवृत्त असा शब्द अधोरेखित. तो कागद इतका देखणा होता की मला तो द्यायचं जिवावर आलं.

आता माझी चूक सांगतो. प्रमाणपत्रासोबत अर्ज लिहायचा होता. दोन ओळींत भागलं असतं. पण चार दिवस उन्हात फिरल्याचा राग होता, आणि माझी हिंदी चांगली आहे असा माझा समज होता. मी पानभर लिहिलं आणि शेवटी एक वाक्य घातलं: 'उज्जैन होकर जाने वाली लाइन हमने न कभी माँगी है, न हमें चाहिए।' शिरीषभाऊंनी वाचलं आणि म्हणाले, हे शेवटचं काढ रे, उगाच कशाला. मी म्हटलं, भाऊ, तेच तर खरं वजनदार आहे. मला ते वाक्य फार आवडलं होतं. घरी बायकोलाही वाचून दाखवलं होतं.

तीन आठवड्यांनी खात्याचं पत्र आलं. अर्ज मंजूर. अंतर मान्य. नवा दर पुढच्या एक तारखेपासून. माझा विश्वासच बसेना. खात्याने आमचं ऐकलं, तेही लेखी! भाऊंनी त्याच दिवशी तासाचा दर उतरवून काचेवर कागद चिकटवला. नलूताईंनी दोन मुली घेतल्या, दोन जुने कॉम्प्युटर हप्त्यावर आणले. मी अप्पांना पेढे नेऊन दिले.

एक तारखेला सकाळी लाइन बंद.

मला वाटलं बिघाड असेल. दोन तास आमचीच यंत्रं उघडून बसलो. मग खात्यात गेलो. सक्सेनासाहेबांनी शांतपणे फाइल मागवली, त्यातून माझाच अर्ज काढला आणि शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. माझ्या त्या लाडक्या वाक्याखाली कुणीतरी लाल पेन्सिलीने रेघ मारली होती. साहेब म्हणाले, उज्जैनवरून जाणारी लाइन तुम्हाला नको होती, ती एक तारखेपासून बंद केली. सरळ लाइन मंजूर आहे. दरही नवा.

मी विचारलं, मग ती सरळ लाइन कुठे आहे?

ती टाकायची होती. पुलाच्या पलीकडे काही अंतर केबलच नव्हती. मागणी वर गेली होती. वर म्हणजे कुठे, हे विचारायचं नसतं.

"आपकी ही बात मानी है, कुलकर्णीजी," साहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खोडसाळपणा असता तर बरं वाटलं असतं. तो माणूस मनापासून बोलत होता.

मी म्हटलं, मी ते वाक्य मागे घेतो. ते म्हणाले, वाक्य मागे घेता येत नाही, अर्ज मागे घेता येतो. पण अर्जावरच मंजुरी आहे. अर्ज गेला की मंजुरी गेली, अंतर गेलं, दर गेला. मी दिल्लीच्या प्राधिकरणाला फॅक्स केला. त्यांचं उत्तर आलं हे कबूल करायला हवं, आणि ते अत्यंत सभ्य होतं. जास्तीत जास्त दर किती घ्यावा हे ठरवणं आमचं काम आहे, लाइन कधी मिळेल यासाठी कृपया पुरवठादाराशी संपर्क साधावा. म्हणजे भाव मला मिळाला होता. माल तेवढा राहिला होता.

इकडे आमचा नंबर मुका. गिऱ्हाइकं दुकानात येऊन बोलून जायची, आणि मालव्यात माणसं शिव्याही गोड देतात ही निव्वळ अफवा आहे. पण मला घोर होता तो नलूताईंचा. पहिल्याच दिवशी चार वाजून गेले आणि ताईंच्या नावावर एक उशीर लागला. आठ मुली खुर्च्यांवर बसून माझ्याकडे बघत होत्या. ताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी सुटलो असतो. एवढंच म्हणाल्या, "सुधीर, माझ्याकडे आता दोनच उरले."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी त्यांच्याकडून फ्लॉपी घेतली, शर्टाच्या खिशात घातली आणि इंदूरच्या बसमध्ये बसलो. साडेतीनला फ्लॉपी फर्मच्या टेबलावर. परतताना नव्या रेकॉर्डिंगची सीडी घेऊन आलो. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. देवास ते इंदूरची सरळ लाइन मंजूर झाली होती, ती अकरा दिवस मी स्वतः चालवली. मध्ये एकदा टायर पंक्चर झालं, तेव्हा टेंपोला हात केला आणि चारला पाच कमी असताना पोचलो. त्या अकरा दिवसांत एकही उशीर झाला नाही.

गुंता सोडवला तो अप्पांनी. ते म्हणाले, जुना अर्ज राहू दे पडून, तू नवा कर, आणि तू लिहू नकोस. मी सांगतो ते लिही. त्यांनी तीन ओळी सांगितल्या. आम्हाला देवासहून इंदूरला लाइन हवी. अंतराचं प्रमाणपत्र आपल्या फाइलीत आहे. दर नियमाप्रमाणे लावावा. मी विचारलं, मार्गाबद्दल काही लिहू का? अप्पांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पेन बंद केलं.

साहेबांनी तो अर्ज वाचला. मार्गाचा उल्लेख नाही, म्हणजे मार्गाबद्दल तक्रार नाही. अंतर आधीच मान्य. तेरा तारखेला लाइन चालू झाली. तीच जुनी तार, उज्जैनवरूनच, पण सरळ रेषेच्या दरात. साहेबांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, पहिल्यांदाच असा अर्ज केला असता तर इतका त्रास झाला नसता. त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून चहा कडू लागला.

मी तडक नलूताईंकडे गेलो. लाइन आली, दर उतरला, आता आरामात फाइल पाठवा म्हटलं. ताईंनी मला बसवलं, पाणी दिलं. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, काम गेलं बहुतेक.

काम गेलं नव्हतं. वाढलं होतं. इंदूरच्या फर्मवाल्यांनी सांगितलं होतं की तुमची फाइल आता कशी वेळेवर येते, पूर्वी रोज दोनदा लाइन तुटायची. तेव्हा हेच चालू ठेवा, फ्लॉपीच पाठवा. ताईंनी दोनच्या बसच्या कंडक्टरशी ठरवून टाकलं होतं. तिकडे फर्मचा शिपाई स्टँडवर उभा राहतो.

"तुझं कनेक्शन या महिन्यापासून बंद कर," त्या म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नकोस रे. तूच तर दाखवलंस."

मी त्यांचा फॉर्म घरीच भरून घेतला. तेवढं तरी मी बिनचूक करू शकत होतो. दर पाडून घेतला त्यांच्यासाठी, आणि तो लागू झाला त्या दिवशी त्या आमच्या गिऱ्हाईक राहिल्या नाहीत. धारचा रंगवलेला बोर्ड पुढे शिरीषभाऊंच्या गॅरेजमध्ये पाणी अडवायला लावला होता.

आता निवृत्त झालो. कधी कुणी तरुण इंजिनिअर विचारतो, दरांवर सरकारी मर्यादा असावी का? मी म्हणतो, जरूर असावी. बसभाडंही सरकारच ठरवतं. फक्त इंदूरची बस उज्जैनवरून जात नाही.