शेत तेच, ऊन वेगळं

शरयू मूळची नागपूरची, शाळेत चित्रकला शिकवणारी. नवऱ्याच्या नोकरीपायी ओहायोतल्या डब्लिनला आली आणि व्हिसामुळे बारा वर्षं तिला काम करता आलं नाही. मग ती घरामागच्या पायवाटेनं मक्याच्या शेतापर्यंत जायची आणि उघड्यावर बसून जलरंगात रंगवायची. ऊन सरकायच्या आत, भराभर. सावली नुसती काळी नसते, तिच्यात निळा असतो, जांभळा असतो, हे तिला त्या शेतानंच दाखवलं.

नवरा, सत्यजित, हसायचा. "रोज तेच शेत?"

"शेत तेच हो, ऊन रोज वेगळं."

पुढे त्याच्या मेंदूत गाठ निघाली. दोन वर्षांत तो अंथरुणाला खिळला. खिडकीतून दिसायचं ते फक्त शेजाऱ्यांचं लाकडी कुंपण. एकदा शरयूनं ओलं चित्र तसंच त्याच्यासमोर धरलं. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "साडेसहा वाजले असतील."

"सहा चाळीस!"

तेव्हापासून रोज हेच. ती कधी पहाटे जायची, कधी भर दुपारी, आणि तो चित्रातल्या उजेडावरून वेळ सांगायचा. क्वचितच चुकायचा.

सप्टेंबरात तिनं सकाळचं धुकं रंगवून आणलं. त्याच्या तोंडून आता शब्द जेमतेम फुटत.

"संध्याकाळ," तो म्हणाला.

"बरोब्बर," शरयू म्हणाली आणि ब्रश धुवायचं निमित्त करून सिंकपाशी गेली. नळ सोडून रडली.

नवव्या दिवशी तो गेला. लेक नेत्रा टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून आली. "आई, इथे एकटी नको राहूस. माझ्याकडे चल."

टेक्सासचं ऊन पांढरं, डोळ्यांत घुसणारं. ओहायोत जमलेले रंग तिथे लागू पडेनात. उन्हाळाभर शरयूनं कागद वाया घालवले.

"जुन्या फोटोंवरून काढ ना," नेत्रा म्हणाली.

"फोटोत मला ते ऊन सापडत नाही गं."

ऑक्टोबरात एकदा वाळल्या गवतावरचा पिवळा नेमका उतरला. शरयूला इतका आनंद झाला, की ती ओलं चित्र तसंच घेऊन घराकडे जवळजवळ धावतच निघाली. वळणापाशी तिची पावलं थांबली. तिथल्याच बाकावर ती बसून राहिली, मांडीवरचा कागद पार वाळेपर्यंत.