साडूंच्या परसातलं गोल्फ

सौंसर तहसिलीत संशय नावाचं जेवढं पीक निघतं, ते सगळं एकट्या आमच्या साडूंच्या घरी निघतं, असं माझं ठाम मत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरकारी नोकरीत त्यांनी सारी उमर दुकानदारांची वजनं-मापं तपासली. निवृत्त झाले तसे दुकानदार सुटले आणि बाकीचे सगळे सापडले. पांढुर्ण्याहून कोणी संत्री आणून दिली, तर ते एकेक संत्रं तळहातावर झुलवून पाहतात आणि एखादं बाजूला काढून "हे आतून पोकळ हाय" असा निकाल देतात. डॉक्टर रक्तदाब मोजायला लागले, की पट्टा आधी डॉक्टरांच्याच दंडाला बांधायला लावतात. एकदा आमच्याकडे चहा पिताना ते कपात इतका वेळ टक लावून बसले, की माझ्या बायकोनं घाबरून दुसरा चहा टाकला. त्यातही ते तेवढाच वेळ पाहत होते.

अशा माणसाच्या बायकोनं, म्हणजे आमच्या ताईंनी, साठी उलटल्यावर दर गुरुवारी एकटीनं नागपूरची बस धरायला सुरुवात केली. घरी कारण सांगितलं दातांचं. खरं कारण आमच्या नागपूरच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला होतं. बिल्डरनं हौसेनं तिथं पटिंग ग्रीन करून ठेवलंय. गोल्फमध्ये शेवटी चेंडू हलकेच ढकलून भोकात घालतात, तेवढ्याच खेळापुरती नकली गवताची जागा. तिथं सोसायटीतल्या कुत्र्यांशिवाय कोणी फिरकत नसे. ताई एकदा सहज गेल्या, कोपऱ्यात पडलेली काठी उचलली, आणि चेंडू आत पडतानाचा तो 'टक्' आवाज त्यांच्या मनात भरला तो भरलाच. मी म्हटलं, "ताई, साडूंना सांगून टाका ना." त्या म्हणाल्या, "सांगतलं तं ते पहिले चेंडू तोलतीन, भाऊजी. मंग मले खेळावं वाटन का?"

सात-आठ गुरुवार गेले, तेव्हा साडूंना प्रश्न पडला, की एका माणसाच्या बत्तीस दातांत एवढं काम निघतंच कसं. पुढच्या गुरुवारी ते मागच्या बसनं आले. आमच्या वॉचमननं मला फोन केला, "साहेब, एक बुजुर्ग माणूस तासभर मेंदीच्या कुंपणाआड बसून राहिला. नाव विचारलं तर मलेच ओळखपत्र मागून राहिला." मी समजलो. खाली गेलो तर साडू उकिडवे बसलेले, आणि पलीकडे ताई एकट्याच खेळत होत्या. त्यांचा चेंडू भोकाच्या काठावरून गोल फिरून बाहेर आला, आणि त्या स्वतःशीच खळखळून हसल्या.

"कवापासून चालू हाय हे?" साडूंनी विचारलं. मी सांगितलं. आता माझी उलटतपासणी होणार म्हणून मी तयारीत उभा राहिलो, तर ते कपडे झटकत उठले आणि चहा न घेता सरळ बसस्टँडवर निघून गेले. तेव्हा मात्र मला खरी भीती वाटली.

महिन्याभरानं ताईंचा फोन आला. "ह्यांनी परस खोदून ठेवला, भाऊजी. काय करून राहिले, सांगत नाहीत." आळीतल्या लोकांचे तर्क तोवर धावू लागले होते. कोणी म्हणे बोअर मारतात, कोणी म्हणे पुरलेलं धन काढतात. आम्ही दोघं रविवारी सौंसरला पोचलो तर परसात नागपूरचा एक कारागीर खडीवर दगडाची चुरी पसरून धुमसानं ठोकत होता, आणि साडू त्याच्या डोक्यावर उभे. त्यांनी खडीची एकेक पाटी चाळायला लावली. नकली गवताची गुंडाळी उलगडली तशी चार पाती उपटून पाहिली. जमीन एका अंगाला किंचित उतरती दिसताच ते कडाडले, "उतार कोनं सांगतला?"

"काका, पावसाचं पानी निघून जायले पाहिजे ना जी," तो बिचारा म्हणाला. साडूंनी स्वतः बादलीभर पाणी ओतलं आणि शेवटचा थेंब निघून जाईस्तोवर तिथून हलले नाहीत. मग भोकाचा प्याला बसला. तो सव्वाचार इंच आहे की नाही, हे त्यांनी तीन बाजूंनी टेप लावून पाहिलं.

ताई मागच्या दारात उभ्या होत्या. आता त्यांना सगळं कळलं होतं, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. "म्हंजे माही गुरुवारची बस बंद?" त्यांनी विचारलं. "मी घरातच राहावं म्हणून आणलं हे?"

कारागिराचे हात थांबले. साडूंच्या हातातला टेप तसाच लोंबत राहिला. "त्या दिवशी तू हसून राहिली होती," ते म्हणाले. "एकटीच. घरात मी तुले तसं हसतानी पाह्यलंच नाही. मले वाटलं, आपल्या घरातच काहीतरी कमी हाय. लई पाह्यलं, सापडलं नाही. मंग हेच आणून टाकलं."

"अन् बस?"

"बस धर ना. मी नाही म्हटलं का?"

ताईंनी गवतावर पाऊल ठेवून पाहिलं. मग म्हणाल्या, "चेंडू तोलायचा नाही."

"नाही तोलत."

"भोक मोजायचं नाही."

साडू घुटमळले. "ते तं मोजून झालं." तेव्हा कुठं ताई हसल्या, आणि माझ्या बायकोनं सुटकेचा निःश्वास सोडला.

गुरुवारची बस चालूच राहिली. इतर दिवशी संध्याकाळी दोघं परसात खेळू लागले. पुढं साडूंच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. उपचार झाले, पण गेलेली नजर परत येत नाही. यंदा आम्ही गेलो तेव्हा ताई भोकापाशी उभ्या राहून "इकडं, इकडं" म्हणत होत्या, आणि साडू त्या आवाजाच्या रोखानं चेंडू ढकलत होते. चेंडू गेला आणि भोकापासून वीतभर अलीकडं थांबला.

"गेला का?" साडूंनी विचारलं.

"गेला," ताई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

साडूंनी वाकून चाचपलं नाही, की मला विचारलं नाही. काठीवर दोन्ही हात टेकून ते समाधानानं म्हणाले, "आज बरं लागून राहिलं."

"हो," ताई चेंडू उचलत म्हणाल्या, "लई बरं लागून राहिलं."